तलाठ्याला तळ्यात सोडू नये

मी, अभिमन गिरधर भामरे, वय वर्षे त्र्याहत्तर, पूर्वीचा धंदा मोटार वाइंडिंग, सध्याचा धंदा मासा पाहणे, मूळ राहणार खैरपाडे, पिंपळनेरजवळ, तालुका साक्री, जिल्हा धुळे, हल्ली मुक्काम जळगाव, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवत आहे. माझ्यावर कोणाचा दाब नाही. मी कोणत्याही नशेत नाही. सकाळपासून फक्त दोन वेळा चहा झाला आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याबद्दल डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझी पत्नी सौ. वच्छलाबाई यांना सदर दाखला मान्य नाही, परंतु त्यांनी लेखी हरकत घेतलेली नाही.

हे लिहिण्याचे निमित्त असे. गेल्या जानेवारीत छातीत दुखू लागल्याने मी नऊ दिवस दवाखान्यात होतो. तिसऱ्या दिवशी चिरंजीव समाधान उशाशी बसून म्हणाला, "आबा, तुम्ही तलाठ्याची काळजी करू नका. काही कमीजास्त झालंच, तर त्याला मेहरूणच्या तलावात सोडून देऊ. मुका जीव मोकळा होईल, तुमच्या नावानं पुण्यही लागेल." तलाठी म्हणजे माझा मासा. हे ऐकून छातीत जे दुखले ते आधीच्या दुखण्यापेक्षा जास्त होते, कारण हेच शब्द दहा वर्षांपूर्वी मी स्वतः बोललो होतो, आणि याच्या जोडीच्या माशाबाबत तसे केलेही होते. समाधानचा यात दोष नाही. त्या माशाचे पुढे काय झाले हे मी घरात कोणाला सांगितलेच नाही.

घरदाराची व्यवस्था चार ओळींत होण्यासारखी आहे. हे मृत्युपत्र मुख्यतः दोन कामांसाठी आहे. एक, माझा मासा कुठल्याही तळ्यात जाऊ नये. दोन, धनीबाई जगदीश मालचे, राहणार खैरपाडे, हिचा माझ्यामुळे गेलेला शब्द तिला परत मिळावा.

कलम १. घर व ठेव.
जळगावातील राहते घर स्वकष्टार्जित आहे. माझ्या पश्चात ते सौ. वच्छलाबाई यांच्याकडे त्यांच्या हयातीपर्यंत राहील व त्यानंतर समाधानला मिळेल, मात्र कलम ६ मधील अट पाळली तरच. बँकेतील ठेव संपूर्णपणे वच्छलाबाईंची. त्या पैशांचे त्या काय करतात हे कोणी विचारू नये; मी माझ्या पैशांचे काय केले हे त्यांनी तेरा वर्षे विचारले, आणि मला उत्तर देता आले नाही.

घराबाबत एक खुलासा. दर्शनी खोलीत बैठक नाही. लोकांकडे जिथे सोफा असतो तिथे आमच्याकडे चौदा फूट लांब, सहा फूट रुंद, चार फूट खोल सिमेंटचे टाके आहे आणि त्याला पुढून जाड काच आहे. समाधानच्या लग्नाची बोलणी करायला पाहुणे आले, तेव्हा सूनबाई मेघाच्या वडिलांनी दारातूनच विचारले, "बसायचं कुठं?" मी म्हणालो, "बसता कशाला, बघा." तरीही सोयरीक जमली. यावरून त्या घराण्याची पारख व्हावी.

कलम २. हत्यारे.
वाइंडिंगचे मशीन, तारेची उरलेली रिळे, मीटर, पाने व हातोड्या रूपाबाई हिला द्याव्यात. तिने एकोणीस वर्षे माझ्या दुकानात कॉइल भरल्या. तिच्या हातची मोटार जळून परत आल्याचे मला आठवत नाही. माझ्या हातच्या बऱ्याच आल्या. दुकानाची पाटी तिने काढून टाकली तरी चालेल. लोक तसेही तिच्याकडेच येत होते.

कलम ३. मासा.
सन २०१२ च्या ऑगस्टमध्ये जळगावातील एका रंगीत माशांच्या दुकानात मी हवेचा पंप दुरुस्त करायला गेलो होतो. एका पेटीत पेन्सिलीएवढे दोन मासे काडीसारखे पडून होते. मला वाटले मेलेले आहेत. तेवढ्यात दुकानदाराने त्या पेटीत दोन बारके मासे टाकले. काडी जागची हलल्याचे मला दिसले नाही, पण बारके मासे नव्हते. मी डोळे चोळले. पुन्हा टाकायला सांगितले. पुन्हा दिसले नाही. हे माशाने कसे केले ते दिसले नाही, म्हणून मी दोन्ही विकत घेतले.

दुकानदार म्हणाला, "परदेशी मगरमासा आहे. पण काळजी नको, पेटीएवढाच राहतो. जागा लहान तर मासा लहान." मी मोटारींचा माणूस. विहीर लहान असली की मोटार आपोआप लहान होते, असे मला कोणी सांगितले असते तर मी त्याला हाकलून दिले असते. माशाच्या बाबतीत मात्र मी मान डोलावली. वर्षभरात ते हातभर झाले. आज जो माझ्याकडे आहे तो साडेचार फूट आहे आणि वाढणे थांबलेले नाही.

त्याचे तोंड सुसरीसारखे लांब आहे, दातांच्या रांगा आहेत, अंगावरचे खवले हाडासारखे कठीण आहेत. सर्वांत नवल म्हणजे तो पाण्यात राहून हवेचा घोट घेतो. वर येतो, तोंड उघडतो, 'गप्' असा आवाज करतो आणि खाली जातो. पहिल्यांदा तो आवाज ऐकून मी वच्छलाबाईंना हाक मारली की मासा शेवटचे आचके देतोय, या लवकर. त्या आल्या, पाहिले, म्हणाल्या, "हा तर माझ्या भावासारखा चहा पितोय." मासा जगला, आणि मेहुणे तेव्हापासून आमच्याकडे चहा बशीतून घेत नाहीत.

त्याचे नाव तलाठी मी ठेवले. दिवसभर जागचा हलत नाही, समोर कोण उभे आहे त्याची दखल घेत नाही, आणि एकदा हलला की समोर काही शिल्लक ठेवत नाही. कोणा प्रत्यक्ष तलाठ्याने हे मनाला लावून घेऊ नये. वच्छलाबाई त्याला 'मेल्या' म्हणतात.

वच्छलाबाईंच्या गळ्यात लग्नाआधीपासून तुळशीची माळ आहे. घरात अंडेसुद्धा येत नाही, त्या घरात मी मासे खाणारा मासा आणला. त्याच्या खाण्यासाठी गच्चीवर वेगळा छोटा फ्रीज आहे, वेगळा चाकू आहे, आणि मला चढायला वेगळा जिना आहे. तेरा वर्षांत बाजारातून आणलेली पिशवी स्वयंपाकघरातून एकदाही गेलेली नाही. हा जिना बांधून मी फार मोठे सामंजस्य दाखवले असे मला वाटत असे. खरे सामंजस्य कोणी दाखवले ते कलम ६ मध्ये येईल.

कलम ४. वह्या.
माझ्या अकरा वह्या सूनबाई सौ. मेघा हिला द्याव्यात. ती शाळेत विज्ञान शिकवते व 'असं का?' हा प्रश्न विचारून उत्तर येईपर्यंत उभी राहते. या घरात ही खोड आम्हा दोघांनाच आहे.

वह्यांत रोज काय खाल्ले, पाणी किती गरम, हवेचा घोट किती वेळाने घेतला याच्या नोंदी आहेत. उन्हाळ्यात घोट वाढतात. पाणी तापले की त्यात हवा कमी राहते, एवढे माझे मला कळले. पण काही गोष्टी सुटलेल्या नाहीत. पाणी बदलल्यावर तलाठी नेहमी डावीकडून वळसा घेतो. उजवीकडून घेतलेला मी तेरा वर्षांत फक्त चार वेळा पाहिला. चारही तारखा लिहिल्या आहेत, पण त्यांचा एकमेकींशी संबंध लागत नाही. माझ्या चपलेचा आवाज तो ओळखतो. समाधानने माझी चप्पल घालून पाहिली, तर वळला नाही. मग तो चप्पल ओळखतो की चाल? आणि दवाखान्यातून मी आलो त्या दिवशी मी अनवाणी होतो, तरी तो काचेपाशी आला, ते कशावरून? मेघाने उत्तर सापडल्यास वहीत लिहावे. न सापडल्यास प्रश्न तरी पुढे चालवावा.

कलम ५. खैरपाड्याचे तळे.
हे कलम मी तीन वेळा लिहून फाडले.

सन २०१५ च्या जूनमध्ये माझी आई बेबाबाई वारली. शेवटच्या आजारात ती आमच्याकडे होती, आणि खाटेवरून तिला माशांची पेटी दिसत असे. तेव्हा दोन्ही मासे होते व पेटी काचेची, लहान होती. आई रोज म्हणायची, "त्यासले मोकळं कर रे भाऊ. जीव कोंडाना पाप शे." तिच्या तेराव्याला मी मोठा मासा ओल्या गोणपाटात गुंडाळून, पाण्याच्या पिंपात घालून, टेम्पोने खैरपाड्याला नेला. मंडळी जेवायला बसलेली असताना एकटाच पाझर तलावावर गेलो, त्याच्या डोक्याला हळदकुंकू लावले आणि आईच्या नावाने सोडला. म्हणालो, "मुका जीव मोकळा झाला." कोणी पाहिले नाही. आईची इच्छा खरी होती, पण माझे खरे कारण पेटी लहान पडत होती हे होते. पुण्याचे नाव आणि सोयीचे काम.

त्या तळ्यावर धनीबाई आणि तिचा नवरा जगदीश मासेमारी करत. थर्माकोलच्या तराफ्यावर बसून दोघे जाळे टाकायचे. धनी त्याच्यापेक्षा सरस. वर्षभरात त्यांची जाळी फाटू लागली. भोके पडलेली नव्हेत, उभी चिरलेली. पुढच्या साली मासा कमी झाला. सन २०१८ च्या हिवाळ्यात, पाणी उतरलेले असताना, धनीने सकाळच्या वेळी तराफ्यापासून दोन हातांवर एक तोंड वर आलेले पाहिले. तिने गावात येऊन सांगितले, "सुसरना तोंडना मासा शे. वर येस, हवा पेस, खाले जास."

कोणी विश्वास ठेवला नाही. मासा हवा पितो हे ऐकून लोक हसले. मग हसणे थांबले, कारण कोणीतरी म्हणाले की तळ्यात मासा नाही, साती आसरा कोपल्या आहेत. आमच्याकडे प्रत्येक पाण्याच्या काठाला सात दगड शेंदूर लावून मांडलेले असतात. पाणी त्या सात जणींचे. त्या का कोपल्या याचा शोध सुरू झाला. माझाच चुलतभाऊ बोलला की धनी विटाळात पाण्यावर गेली असेल, म्हणून तिलाच असले दिसते. एका दिवसात ते 'असेल' गळून पडले. धनीला तळ्याच्या बांधावर पाय ठेवायची बंदी झाली. शांतीसाठी सात दगडांपुढे पूजा ठेवली. मी त्या दिवशी पंपाच्या कामाने गावात होतो. तळ्यात काय आहे हे सगळ्या गावात एका माणसाला माहीत होते, आणि नारळ फोडण्याचा मान त्यालाच दिला, कारण तो शहरातून आलेला, वयाने मोठा. मी नारळ फोडला. खोबरे वाटले. आणि जळगावची गाडी पकडली.

मी वहीत हिशेब करून पाहिला आहे. घरचा मासा आठवड्याला दीड किलो खातो. एवढ्याने पाझर तलाव रिकामा होत नाही. त्या साली पाऊसही कमी होता. हा हिशेब मी अनेकदा केला, म्हणजे मला बरे वाटावे. पण धनीचा शब्द कोणत्या माशाने खाल्ला याचे उत्तर त्या हिशेबात येत नाही.

जगदीश एकट्याने जाळे सांभाळू शकला नाही. दोघे ऊसतोडीला गुजरातेत जाऊ लागले. पुढच्या पावसाळ्यात तळ्याचा सांडवा अकरा दिवस वाहिला आणि त्यानंतर जाळी फाटल्याचे ऐकू आले नाही. माझ्या मते मासा वाहून पांझरा नदीत गेला. पुढे जगला की मेला, मला ठाऊक नाही. गावाच्या मते धनी पाण्यावरून हटली म्हणून आसरा शांत झाल्या. म्हणजे माझा मासा निघून गेला, तोही तिच्याविरुद्ध साक्ष देऊन गेला.

मला याची लाज वाटते. सात वर्षे मी काचेपुढे बसून एका माशाचे घोट मोजले आणि एका बाईला खोटे पडू दिले.

दवाखान्यातून आल्यावर मी जगदीशला फोन केला आणि धनीला घेऊन यायला सांगितले. कशासाठी ते सांगितले नाही. ती दर्शनी खोलीत आली आणि उभीच राहिली. तलाठी तळाशी होता. बऱ्याच वेळाने तो वर आला, तोंड उघडले, घोट घेतला. धनीने पदराची गाठ सोडली आणि एक खवला काढला. शंकरपाळीच्या आकाराचा, तेवढाच जाड. तो तिने काचेवर, तलाठ्याच्या अंगाशी धरून पाहिला.

"हाऊच शे," ती म्हणाली. "जाळामा अडकेल व्हता. सात साल जपी ठेवा. कोनी इचारं तं दखाडासाठे."

मी विचारले, "दाखवला नाहीस?"

"कोनी इचारंच नही." मग ती माझ्याकडे वळली. "आबा, तुम्हले माहीत व्हतं?"

"व्हतं."

"नारळ फोडा तवयबी?"

"तवयबी."

वच्छलाबाईंनी चहा आणला. त्यांनीही हे सगळे तेव्हाच पहिल्यांदा ऐकले. मी शिव्यांची वाट पाहत होतो. धनी काचेजवळ गेली, डोके तिरके करून पाहू लागली आणि म्हणाली, "हाऊ इतला कमी हालस, तं खास कवय?" मी त्याला खायला घालून दाखवले. तिने पापणी लवू दिली नाही. म्हणाली, "डोकं आडवं फिरावस. सरळ नही जात." तेरा वर्षांपूर्वी मला जे दिसले नव्हते ते तिने पहिल्याच वेळी पाहिले. ती नोंद तिच्या नावाने अकराव्या वहीत केली आहे.

सबब, हे संपूर्ण कलम माझ्या तेराव्याला, जेवणाच्या आधी, खैरपाड्याच्या तळ्यावर सर्व गावासमोर समाधानने मोठ्याने वाचावे.

(शेवटची नोंद पाहावी. वरील वाक्य आता लागू नाही.)

कलम ६. माशाची व्यवस्था.
मी दवाखान्यात होतो ते नऊ दिवस समाधान कामात, मेघाची शाळेत परीक्षा. तलाठ्याला कोण पाहील या काळजीने मी बीपी वाढवून घेतला. घरी आल्यावर वही उघडली, तर नऊ दिवसांच्या नोंदी होत्या, मेघाच्या अक्षरात: 'आईंनी चिमट्याने घातले. डोळे मिटून. नंतर अंघोळ.' शेवटच्या दोन दिवसांत 'डोळे मिटून' हे शब्द नव्हते. मी वच्छलाबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, "मेल्याला भूक लागते तर काय करू? माळ माझ्या गळ्यात आहे, त्याच्या नाही." पन्नास वर्षांच्या संसारात मी या बाईला पुरते ओळखले नाही, हे इथे कबूल करतो.

तरी मासा सौ. वच्छलाबाई व सौ. मेघा यांच्या संयुक्त ताब्यात राहावा. ही जात पन्नास वर्षांच्या पुढेही जगते असे वाचले आहे, म्हणजे तो तुम्हा सगळ्यांना पुरून उरण्याचा संभव आहे. पुढची व्यवस्था मेघाने वेळीच करावी. असा मासा बाळगण्याबाबत नियम काय आहेत ते मासेखात्याकडे विचारावे, लपवू नये. त्यांनी योग्य जागी नेला तर द्यावा. कोणालाच ठेवणे शक्य नसेल, तर जनावरांच्या डॉक्टरांकडून त्याला त्रास न होता शांत करावे आणि मागच्या लिंबाखाली पुरावे. खाऊ नये. तो नर की मादी हे मला आजवर कळलेले नाही, आणि मादीची अंडी विषारी असतात.

मात्र कोणत्याही परिस्थितीत त्याला नदी, नाला, धरण, तळे, विहीर किंवा शेततळे यांत सोडू नये. दया आली तरी नाही. माझ्या नावाने तर मुळीच नाही. समाधानने असे केल्यास घरातील त्याचा हक्क जाऊन तो मेघाला मिळेल. घर नवरा-बायकोतच राहील हे मला समजते. पण रोज घरात शिरताना त्याला आठवण राहील.

कलम ७. जुनी येणी-देणी.
मासा विकणाऱ्या दुकानदाराला काही देऊ नये. त्याला एकदा घरी बोलावून मासा दाखवावा, आणि 'पेटीएवढाच राहतो' हे वाक्य काचेपुढे उभे करून म्हणायला लावावे.

शेजारी ज्ञानेश्वर पाटील याने नळाला तीन दिवसांआड पाणी येत असताना मी माशाला कॉलनीचे पाणी पाजतो असा अर्ज महापालिकेत केला होता. माझे पाणी बोअरचे आहे. शिवाय टाक्यातून बदललेले पाणी नळीने कुंपणापलीकडे त्याच्या केळीला जाते. दरवर्षी तो त्याच केळीचा घड घेऊन 'घरची केळी' म्हणून आमच्याकडे येतो आणि मी गोड मानून खातो. त्याला या मृत्युपत्रात काहीही ठेवलेले नाही. नळी मात्र तशीच राहू द्यावी.

कलम ८. होडी.
~~धनीबाई जगदीश मालचे हिला माझ्या ठेवीतून फायबरची एक होडी व नवी जाळी घेऊन द्यावीत.~~ रद्द. खाली पाहावे.

शेवटची नोंद, हाताने लिहिलेली.
वरील मजकूर जळगावी टाइप करून मी धनीला वाचून दाखवला. कलम ५ चे शेवटचे वाक्य ऐकून ती म्हणाली, "तुम्ही मरशात मंग वाचतीन? लोके म्हनतीन, मरनारले काय, काहीबी लिखी गया. जिता मानूस बोलना तं बात."

म्हणून आज आम्ही खैरपाड्याला आलो. सात दगडांपाशी गाव जमले. मी उभा राहून कलम ५ स्वतः वाचले. नारळाच्या वाक्याशी मी थांबलो. पाणी पिऊन पुन्हा तिथूनच वाचले. वाचून झाल्यावर कोणी मला दगड मारला नाही की शिवी दिली नाही. मग एकाने विचारले, आता केवढा झाला? दुसऱ्याने विचारले, हवा पितो म्हणजे नेमका कुठे साठवतो? मग सगळेच विचारू लागले. मला येत होती ती उत्तरे मी दिली, बाकीची धनीने दिली. तिने खवला काढला आणि तो हातोहात फिरला. माझ्या चुलतभावाच्या हातात आला तेव्हा त्याने तो उलटसुलट पाहिला, नखाने वाजवला आणि खाली पाहत म्हणाला, "म्हनजे धनी खरं बोलेल व्हती." खवला त्याने स्वतः चालत जाऊन तिच्या हातात दिला. बंदी उठली असे कोणी जाहीर केले नाही. धनी आधीच बांधावर उभी होती, आणि तिला कोणी उतर म्हणाले नाही.

राहिला साक्षीदारांचा प्रश्न. वकिलांनी बजावले होते की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळणार आहे, त्याची साक्ष घेऊ नये. पुढे कोणीही बोट दाखवते. ज्याला मी काहीच देणार नाही असा माणूस आठवताना पहिले नाव ज्ञानेश्वरचे आले, म्हणून त्याला जळगावहून गाडीत घालून आणले. वाटेत त्याने केळी खायला दिली. दुसरा साक्षीदार गावातला कोणीतरी घेणार होतो.

धनी म्हणाली, "मनं नाव लिखा."

मी सांगितले, "मग तुला होडी देता येणार नाही. दोन्हीतलं एकच."

"होडी मी मनी लिसू," ती म्हणाली, म्हणजे स्वतःची स्वतः घेईन. "त्या येळले मी देखेल सांगं, कोनी मानं नही. आते कागदवर लिखा."

जगदीशने तिच्याकडे पाहिले, होडीचे कलम ज्या पानावर होते त्या पानाकडे पाहिले, आणि हसून मान हलवली. कलम ८ मी तिच्यासमोर खोडले आहे. सही ती बचत गटात शिकलेली आहे. अंगठ्यासाठी शाईचा डबा सोबत आलेल्या वकिलांनी पुढे केला, तो तिने बाजूला सारला.

हे माझे पहिले आणि शेवटचे मृत्युपत्र समजावे. यापूर्वी मी काही लिहून ठेवले नव्हते, हीच माझी चूक होती.

ठिकाण: खैरपाडे, पाझर तलावाचा बांध, सात दगडांजवळ
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५, रविवार

(सही) अभिमन गिरधर भामरे

साक्षीदार:

१. ज्ञानेश्वर पाटील, राहणार जळगाव. अभिमन भामरे यांनी माझ्यासमोर सही केली. अर्जाबाबतचा मजकूर मला मान्य नाही. केळीबाबतचा मला माहीत नव्हता.

२. धनीबाई जगदीश मालचे, राहणार खैरपाडे. तिच्या सांगण्यावरून तिच्याच शब्दांत लिहिले, वाचून दाखवले, बरोबर असल्याचे तिने सांगून सही केली:
"आबानी मनासमोर सही कई. मी देखं."